२०२०-२१ चा कप डिसेंबर २०२१ मध्ये कसा? महिला एफए कपच्या एका हंगामातून बाद फेरीचं गणित

चेल्सीच्या महिला संघाने ५ डिसेंबर २०२१ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर आर्सेनलला ३-० हरवलं आणि इंग्लंडचा महिला एफए कप जिंकला. पुढे सव्वापाच महिन्यांनी, १५ मे २०२२ ला, त्याच मैदानावर मँचेस्टर सिटीला जादा वेळेत ३-२ हरवून त्यांनी तोच कप पुन्हा उचलला. पहिल्या विजयाची नोंद २०२०-२१ च्या नावावर आहे, दुसऱ्याची २०२१-२२ च्या. विजेत्यांची यादी वाचणारा माणूस इथे हमखास अडखळतो. वर्षाचा एकच कप असतो ना? मग सहा महिन्यांच्या आत दोन कसे? आणि २०२१ संपत आलेलं असताना २०२०-२१ चा हंगाम कुठून उगवला?

जुलै २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात, च्यांग माईला, २-१ हरवून आशिया कपची पात्रता मिळवली. तेव्हापासून महिला फुटबॉलचे निकाल आपल्याकडच्या फोनवरही फिरू लागले आहेत. तालुक्याच्या शालेय सामन्यांना पोरींचा संघ घेऊन जाणाऱ्या क्रीडाशिक्षकांना बाद फेरी नवी नाही. मात्र ती नेमकी कशी चालते आणि कुठे फसते, हे समजून घ्यायला इंग्लंडचा तो अर्धवट थांबलेला हंगाम फार चांगला नमुना आहे. सगळं सुरळीत पार पडलेल्या वर्षात यंत्राचे दातेच दिसत नाहीत.

साखळी वेगळी, बाद फेरी वेगळी

साखळीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. गुणांची बेरीज होते आणि शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजेता. इंग्लंडच्या महिला फुटबॉलच्या पहिल्या श्रेणीत तेव्हा १२ संघ होते. प्रत्येक जण उरलेल्या ११ जणांशी एकदा आपल्या आणि एकदा त्यांच्या मैदानावर खेळायचा, म्हणजे प्रत्येकाचे २२ सामने आणि सगळ्यांचे मिळून १३२. बाद फेरीत हरला तो घरी गेला, जिंकला तो पुढच्या फेरीत.

शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचं उदाहरण घ्या. जिथे निकाल सेकंदावर लागतो, तिथे तुमची जोडी कोणाच्या आधी धावली, कोणाच्या नंतर, याने काही बिघडत नाही. घड्याळ सगळ्यांना सारखंच. कुस्तीच्या दंगलीत तसं नसतं. समोर कोण उभा राहिला यावर तुमचा दिवस ठरतो. साखळी घड्याळासारखी, बाद फेरी दंगलीसारखी. म्हणून बाद फेरीत खेळाइतकंच महत्त्व भाग्यपत्रिकेला असतं, म्हणजे कोणाचा सामना कोणाशी हे चिठ्ठ्या टाकून ठरवण्याला.

बाद फेरीचा एक हिशेब कायम लक्षात ठेवावा: जेवढे संघ, त्याहून एक कमी सामने. ११ संघ असतील तर १० सामने, ३२ असतील तर ३१. प्रत्येक सामना बरोबर एका संघाला घरी पाठवतो आणि शेवटी एकच उरायला हवा, एवढंच त्यामागचं कारण. ११ संघांची साधी साखळी लावली तर ५५ सामने होतात. गावातल्या एका मैदानावर दोन दिवसांत काय उरकेल, हे वेगळं सांगायला नको.

शिडीच्या कोणत्या पायरीवर कोण चढतं

एफए म्हणजे इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन, १८६३ साली स्थापन झालेली. महिलांचा कप १९७०-७१ पासून सुरू आहे. गावपातळीवरच्या क्लबपासून पगारी खेळाडू असलेल्या संघांपर्यंत सगळे एकाच स्पर्धेत उतरतात. फक्त सगळे एकाच पायरीवरून चढत नाहीत.

आपल्या शालेय स्पर्धेत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी असते आणि मागच्या वर्षी राज्य गाजवलेली शाळासुद्धा यंदा पुन्हा तालुक्यापासूनच सुरू करते. इंग्लंडात खालच्या श्रेण्यांचे संघ आधी आपसात लढून गाळले जातात आणि वरचे संघ उशिरा दाखल होतात. २०२०-२१ मध्ये पहिल्या श्रेणीचे १२ आणि दुसऱ्या श्रेणीचे ११ संघ थेट चौथ्या फेरीत आले. खालून चाळून निघालेले ९ त्यांना मिळाले. बारा, अकरा आणि नऊ मिळून ३२. ही संख्या ठरवून आणलेली असते, कारण ३२ चे १६, १६ चे ८, मग ४, मग २ अशी ती शेवटपर्यंत बिनतोड निम्मी होत जाते. मधे कोणाला फुकट पुढे चाल द्यावी लागत नाही.

सुरुवातीच्या फेऱ्यांत जवळपासच्या संघांनाच एकमेकांसमोर ठेवतात, प्रवासाचा खर्च वाचावा म्हणून. वरच्या फेऱ्यांत तो आडपडदा जातो आणि कोणाचीही गाठ कोणाशीही पडते. मानांकन नसतं, म्हणजे दोन तगडे संघ एकमेकांपासून मुद्दाम लांब ठेवले जात नाहीत. ज्याचा क्रमांक आधी निघेल त्याच्या मैदानावर सामना. पुरुषांच्या कपात उपांत्य सामनेही वेम्बलीवर होतात. महिलांच्या कपात तेव्हा उपांत्य सामनेसुद्धा दोघांपैकी एकाच्या घरच्या मैदानावर होत, आणि अंतिम सामना तेवढा वेम्बलीवर.

हंगाम म्हणजे कॅलेंडरचं पान नव्हे

आता मूळ कोड्याकडे. याचं उत्तर कोणताही कापूस उत्पादक कास्तकार झोपेतही देईल. जून २०२० मध्ये लावलेल्या पऱ्हाटीची वेचणी दिवाळीपासून सुरू होते आणि फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतर झाडं न उपटता उभी ठेवली, तर पुढच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते. तो कापूस २०२१ मध्ये घरात आला म्हणून कोणी त्याला २०२१ च्या पेऱ्याचा म्हणत नाही. नाव पेरणीवरून पडतं, वेचणीच्या तारखेवरून नाही.

कपाचंही तसंच आहे. इंग्लंडचा फुटबॉल हंगाम साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होऊन मेमध्ये संपतो, म्हणून नावात दोन वर्षं. २०२०-२१ च्या कपाची पेरणी २०२० च्या शरद ऋतूत झाली होती. पीक निघालं डिसेंबर २०२१ मध्ये, एवढाच फरक.

असा उशीर झालेला तो पहिलाच कप नव्हता. त्याआधीचा, २०१९-२० चा कप कोरोनामुळे अडकून १ नोव्हेंबर २०२० ला पूर्ण झाला होता. मँचेस्टर सिटीने एव्हर्टनला जादा वेळेत ३-१ हरवलं, तेही रिकाम्या वेम्बलीवर. म्हणजे एका वावरात जुनी पऱ्हाटी उभीच आणि शेजारच्या वावरात नवं पेरणं सुरू, असा प्रकार.

गाडी नेमकी कुठे अडली

५ नोव्हेंबर २०२० ला इंग्लंडात दुसरं देशव्यापी लॉकडाउन लागलं. उच्चस्तरीय खेळाला सूट होती, बाकीच्यांना नव्हती. महिला फुटबॉलच्या तिसऱ्या श्रेणीपासून खालचे सगळे संघ या सवलतीबाहेर ठेवले गेले आणि कपाच्या सुरुवातीच्या फेऱ्या त्याच संघांच्या होत्या. चौथ्या फेरीत येणारे मोठे संघ साखळीचे सामने खेळतच होते. पण खालून ते ९ संघ येईपर्यंत कपाची चौथी फेरी लागूच शकत नव्हती. बाद फेरीचा हा मोठा कच्चा दुवा आहे. साखळीत एक सामना पुढे ढकलला तरी बाकीचे चालू राहतात. इथे खालची पायरी पूर्ण झाल्याशिवाय वरची पायरीच तयार होत नाही.

त्याच काळात पुरुषांचा एफए कप मात्र चालू राहिला. त्यात खालच्या श्रेण्यांतले हौशी संघही खेळत होते. १० जानेवारी २०२१ ला आठव्या श्रेणीतल्या मरीन या छोट्या क्लबने टॉटनहॅमसारख्या संघाला आपल्या मैदानावर बोलावलं आणि ०-५ हरले. नोकरी सांभाळून खेळणारे पुरुष चालतात आणि तिसऱ्या श्रेणीतल्या बायका चालत नाहीत, हा भेद तेव्हाही अनेकांना खटकला होता, आणि तो खटकायलाच हवा होता. विषाणूला श्रेणी कळत नव्हती.

२९ मार्च २०२१ पासून मोकळ्या मैदानावरचे संघटित खेळ पुन्हा सुरू झाले. राहिलेल्या फेऱ्या घाईघाईने उरकल्या, एप्रिलमध्ये चौथी फेरी झाली, मेमध्ये पाचवी. ८ संघ उरले तेव्हा तारखा संपल्या होत्या. जूनअखेर खेळाडूंचे करार संपतात, आणि जुलैत टोकियो ऑलिम्पिक होतं. मग उपांत्यपूर्व फेरी २९ सप्टेंबरला, उपांत्य ३१ ऑक्टोबरला आणि अंतिम सामना ५ डिसेंबरला ठेवला गेला. तोपर्यंत पुढचा साखळी हंगाम सुरूही झाला होता.

मधल्या चार महिन्यांत संघच बदलला तर?

तो बदललाच. आर्सेनलने पाचवी फेरी जो मॉन्टेमुरो प्रशिक्षक असताना जिंकली. उन्हाळ्यात ते इटलीच्या युव्हेंटसला गेले, आणि अंतिम सामन्यात प्रशिक्षकाच्या जागी योनास आइडेव्हाल होते.

लेस्टर सिटीची गंमत याहून मोठी. १६ मे २०२१ ला, दुसऱ्या श्रेणीत असताना, त्यांनी पहिल्या श्रेणीच्या मँचेस्टर युनायटेडला ३-२ असं बाहेर काढलं. त्या वर्षी आपली श्रेणी जिंकून ते बढतीला पात्र ठरले होतेच. त्यामुळे सप्टेंबरमध्ये उपांत्यपूर्व फेरीला उतरले ते पहिल्या श्रेणीचा संघ म्हणून. तीच स्पर्धा, तोच संघ, पण दर्जाची पाटी वेगळी. मँचेस्टर सिटीने त्यांना ६-० हरवलं. म्हणजे पाटी बदलली म्हणून पायांतला जोर लगेच बदलत नाही.

अशा स्पर्धांत एक नियम सर्रास असतो. एका हंगामाच्या कपात एका संघाकडून खेळलेली खेळाडू त्याच कपात दुसऱ्या संघाकडून खेळू शकत नाही. नाही तर चौथ्या फेरीत हरलेल्या संघाची गोलकीपर पाचव्या फेरीत जिंकलेल्या संघाच्या जाळ्यासमोर उभी दिसेल. गावच्या कबड्डीत हे किती वेळा होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

एक वाईट दिवस आणि वर्ष वाया, हा अन्याय नाही का?

आर्सेनलला विचारा. ५ सप्टेंबर २०२१ ला साखळीच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी चेल्सीला ३-२ हरवलं होतं. बरोबर तीन महिन्यांनी कपाच्या अंतिम सामन्यात तोच चेल्सी समोर आला. तिसऱ्याच मिनिटाला चेल्सीच्या फ्रॅन कर्बीने गोल केला. उत्तरार्धात सॅम कर हिने दोन घातले, त्यातला दुसरा पुढे सरकलेल्या गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद उचललेला. ३-०, आणि सप्टेंबरच्या विजयाची किंमत शून्य.

साखळीत काय झालं? तो हंगाम संपला तेव्हा चेल्सीचे ५६ गुण होते आणि आर्सेनलचे ५५. बावीस सामन्यांचा निकाल एका गुणावर आला. म्हणजे दोन्ही संघ जवळपास तोडीस तोड होते हे साखळीने दाखवलं. कपाने मात्र त्यांच्यात तीन गोलांचं अंतर दाखवलं. दोन्ही खरं आहे, कारण दोघांचे प्रश्न वेगळे. वर्षभरात कोण चांगलं खेळलं, हे साखळी विचारते. न हरता शेवटपर्यंत कोण पोहोचलं, एवढंच कप विचारतो. सर्वोत्तम संघ ठरवल्याचा दावा कपाच्या माथी आपण मारतो, कप तो करत नाही.

दोन्हींचा मेळ घालायचा तर आधी गट पाडून त्यांत छोटी साखळी घेतात आणि वर निघालेल्यांची बाद फेरी लावतात. आपल्या राज्यांच्या महिला संघांची राष्ट्रीय स्पर्धा अशा गटांपासूनच सुरू होते. तिच्या चषकाला राजमाता जिजाबाईंचं नाव आहे, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाच्या लेकीचं. मणिपूरने तो इतक्या वेळा नेला आहे की बाकीच्यांनी हेवा करावा. गटात एक सामना हरला तरी सावरायला जागा राहते. त्यासाठी दिवस मात्र जास्त लागतात, आणि मुक्काम व जेवणाचा खर्चही.

दहा-शून्य हरणाऱ्यांना खेळवायचंच कशाला?

एप्रिल २०२१ मध्ये चौथ्या फेरीत आर्सेनलने तिसऱ्या श्रेणीतल्या गिलिंगहॅमला १०-० हरवलं. असा निकाल दिसला की कोणीतरी म्हणतंच, हे सामने बंद करा.

पण लेस्टरचा ३-२ याच दारातून आला. दार बंद केलं तर दोन्ही बंद होतात. शिवाय गिलिंगहॅम तिथे फुकट आला नव्हता. खालच्या फेऱ्यांत आपल्या तोडीच्या संघांना हरवून, त्या नऊपैकी एक जागा कमावून आला होता. दहा गोल खाल्ले हे खरं, तरी त्या दिवशी त्या चौथ्या फेरीतल्या खेळाडू होत्या आणि त्यांच्याकडून किंवा इतरांकडून आधीच हरलेले शेकडो संघ नव्हते.

दरी कमी कशी करायची हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर सराव, मैदान आणि पैसा यांत आहे, भाग्यपत्रिकेत नाही.

५ डिसेंबरच का?

ही तारीख एफएने शताब्दी म्हणून साजरी केली. साजरी म्हणायला जीभ जरा अडते, कारण बरोबर शंभर वर्षांपूर्वी, ५ डिसेंबर १९२१ ला, याच एफएने ठराव केला होता की फुटबॉल स्त्रियांना योग्य नाही, आणि आपल्या सदस्य क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत.

त्याआधी वर्षभराचीच गोष्ट. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या प्रेस्टनच्या कारखान्यातल्या कामगार मुलींच्या संघाचा सामना सेंट हेलेन्सशी होता. मैदानात सुमारे ५३ हजार लोक होते आणि जागा नाही म्हणून बाहेर हजारो.

त्या ठरावाची रचना बघण्यासारखी आहे. बायकांना खेळायला थेट बंदी नव्हती. पोलीस येऊन चेंडू जप्त करणार नव्हते. फक्त मैदान मिळणार नव्हतं. खेळ बंद पाडायला तेवढं पुरतं. सुमारे पन्नास वर्षं ते पुरलं. मैदान उघडलं तेव्हा कपाचा पहिला अंतिम सामना मे १९७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला झाला, आणि साउदम्प्टनने स्कॉटलंडच्या स्ट्युअर्टन थिसलला ४-१ हरवलं. वेम्बलीचं दार उघडायला २०१५ उजाडलं.

पुढचे आकडे मैदानाबद्दलच बोलतात. २०१५ च्या वेम्बलीवरच्या पहिल्या अंतिम सामन्याला ३०,७१० प्रेक्षक होते, ५ डिसेंबर २०२१ ला ४०,९४२, मे २०२२ मध्ये ४९,०९४ आणि २०२३ मध्ये ७७,३९०. बायकांचे सामने बघायला कोणी येत नाही, हा आक्षेप १९२० मध्येही खोटा होता.

बक्षीस आणि एसटीचं तिकीट

२०२०-२१ चा महिला कप जिंकणाऱ्या संघाला बक्षीस होतं २५ हजार पाउंड. त्याच हंगामातल्या पुरुषांच्या विजेत्याला १८ लाख पाउंड. बहात्तर पट. टीका इतकी वाढली की २०२२-२३ पासून महिला कपाची एकूण बक्षीस रक्कम ३० लाख पाउंडांवर नेली गेली आणि विजेत्याचा वाटा १ लाख झाला. दक्षिण इंग्लंडातला ल्युइस हा छोटा क्लब २०१७ मध्ये आपल्या पुरुष आणि महिला संघांना समान पैसा देऊ लागला. या मागणीत त्याचा आवाज मोठा होता.

विजेत्याची रक्कम बातमीत येते. खरा पेच मात्र खालच्या फेऱ्यांत असतो. तिथे जिंकून मिळणारे पैसे पुढच्या फेरीच्या बसभाड्यालाही पुरले नाहीत, तर जिंकणं तोट्यात जातं. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर आहे. तिथल्या पोरींना जिल्ह्याला यायचं तर आदल्या दिवशी निघावं लागतं, मुक्काम करावा लागतो, आणि बाद फेरी असल्याने सामना चाळीस मिनिटांत संपूही शकतो. गडचिरोलीतल्या संघाला तोच सामना सायकलवरचा. भाग्यपत्रिका दोघांना सारखी मोजते, रस्ता मोजत नाही. इंग्लंडात खालच्या फेऱ्या जवळपासच्या संघांत ठेवतात त्या याचसाठी. मोठ्या जिल्ह्यात दोन-तीन तालुक्यांचा आधी एक गट करून त्यातला विजेताच जिल्ह्याला आणला, तर निम्मे प्रवास वाचतात.

अकरा संघ आले, आता काय करायचं?

तालुक्याला आठ किंवा सोळा संघ कधीच येत नाहीत. अकरा येतात. इथे सर्वात जास्त होणारी चूक अशी: पाच सामने लावले, एकाला पुढे चाल दिली, सहा उरले. तीन सामने झाले, तीन उरले. आता दोघांचा सामना आणि तिसऱ्याला पुन्हा पुढे चाल, म्हणजे तो उपांत्य सामना न खेळताच अंतिम फेरीत. एकूण सामने दहाच होतात, पण भांडण अकरावं होतं.

बरोबर पद्धत अशी की सगळ्या पुढच्या चाली पहिल्या फेरीतच देऊन टाकायच्या. २, ४, ८, १६ अशा दुपटीच्या क्रमात अकराच्या वरची पहिली संख्या १६. सोळातून अकरा गेले, पाच उरले. म्हणून पाच संघांना पुढे चाल, उरलेल्या सहांचे तीन सामने, आणि पुढच्या फेरीत नेमके आठ. चिठ्ठ्यांनी क्रम लावल्यावर १ ते ६ वरचा अर्धा भाग, ७ ते ११ खालचा. पुढे चाल द्यायची ती या क्रमाने: खालच्या भागातला शेवटचा म्हणजे ११, वरच्यातला पहिला म्हणजे १, खालच्यातला पहिला म्हणजे ७, वरच्यातला शेवटचा म्हणजे ६, आणि पाचवी १० ला. पहिल्या फेरीत मग २ विरुद्ध ३, ४ विरुद्ध ५ आणि ८ विरुद्ध ९.

वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि पाच मिनिटांची सुटी धरली तर मैदान तयार करण्यासकट एका सामन्याला तास जातो. नऊ, दहा आणि अकराला हे तीन सामने लावा. बाराला १० विरुद्ध ११ लावा, कारण त्या दोघींनाही पुढे चाल आहे आणि त्या ताज्या आहेत. एक, दोन आणि तीन वाजता उरलेले तीन, सकाळच्याच क्रमाने. असं केलं की सकाळी जिंकलेल्या प्रत्येक संघाला तीन तासांची विश्रांती मिळते. हा क्रम उलटा झाला की दुपारी पोरींच्या पोटऱ्यांत गोळे येतात आणि आपण म्हणतो संघ कच्चा होता.

शालेय सामने पावसाळ्यात येतात आणि आपली माती काळी. रात्री सर आली तर सकाळी चेंडू उसळतच नाही, बुटाला किलोभर चिखल लागतो आणि फक्कीच्या रेषा नऊ वाजेपर्यंत विरघळतात. तेव्हा सामना पुढे ढकलला तर काय, हे आधीच लिहून ठेवायचं: खेळाडूंची यादी जुनीच चालेल की नवी, अर्धवट सामना आहे त्या गुणांवर पुढे न्यायचा की पहिल्यापासून, आणि ठरलेल्या वेळेनंतर किती मिनिटांनी न आलेल्या संघाविरुद्ध पुढे चाल द्यायची. पाऊस आल्यावर ठरवलेला नियम कोणाला तरी धार्जिणा वाटतोच.

बरोबरी झाली तर

मोठ्या सामन्यात नव्वद मिनिटांनंतर पंधरा-पंधरा मिनिटांची जादा वेळ असते. मे २०२२ च्या अंतिम सामन्यात सिटीने ८९ व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि निकाल जादा वेळेत लागला. एका दिवसात सात सामने लावणाऱ्याला जादा वेळ परवडत नाही, त्याने थेट टायब्रेकर, म्हणजे पेनल्टीचे फटके घ्यावेत. तेही आधी जाहीर करून.

टायब्रेकरला नाणं दोनदा उडतं. एकदा कोणत्या जाळ्यावर मारायचं यासाठी, दुसऱ्यांदा आधी कोण मारणार यासाठी. चेंडू गोलरेषेपासून ११ मीटरवर. प्रत्येकी पाच फटके, एकाआड एक. निकाल आधीच स्पष्ट झाला तर तिथेच थांबायचं. पाचांनंतरही बरोबरी असेल तर एक-एक फटका, आणि मैदानावरच्या सगळ्यांचा नंबर लागल्याशिवाय कोणीही दुसऱ्यांदा मारायचा नाही. फटका बसेपर्यंत गोलकीपरच्या निदान एका पायाचा काही भाग रेषेला टेकलेला, रेषेच्या सरळ वर हवेत किंवा रेषेच्या मागे हवा.

वाद होतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे, सामना संपताना ज्या मैदानावर होत्या त्याच फटका मारू शकतात. बाकावर बसलेली चांगली मारते म्हणून तिला आता उभं करता येत नाही. दुसरं, एका संघाची खेळाडू लाल कार्डाने बाहेर गेली असेल आणि दहाच उरल्या असतील, तर समोरच्यांनीही आपली एक वगळून दहाच ठेवाव्यात. नाही तर अकरा जणींच्या संघाची सर्वात कच्ची खेळाडू अकराव्या नंबरवर फटका मारते आणि तिच्यासमोर दहा जणींच्या संघाची पहिली पुन्हा फटका मारायला येते. कोणाला वगळलं ते पंचाला पहिल्या फटक्याआधी नाव आणि जर्सी नंबरासकट सांगायचं.